‘नाही’ म्हणण्याआधी कुठे शोधले?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मृत्यर्थ चालते, म्हणून विषय वर्गातला निवडला आहे. संगणकाच्या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात भेटणाऱ्या एका ओळीविषयी मी बोलणार आहे. त्या ओळीचा मथितार्थ एवढाच असतो: फाइल सापडत नाही.

नागपुरात ही ओळ टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर वाचून मोठी झालेली पिढी आज या सभागृहात आहे. नागपुरात राहून लिहिणाऱ्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने देशभरच्या विद्यार्थ्यांना सी भाषा शिकवली. पण पुस्तकातला पहिला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून काढला, तरी लॅबमधले यंत्र कधी कधी म्हणायचे, ‘अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल एसटीडीआयओ डॉट एच’. प्रोग्रामात एकही चूक नसायची. मग कोणी तरी सीनियर यायचा, ऑप्शन्समधल्या डिरेक्टरीज या खिडकीत दोन ओळी बदलायचा आणि निघून जायचा. प्रोग्राम चालायचा, सबमिशन व्हायचे. नेमके काय घडले, हे मात्र कोणी सांगायचे नाही. ते आज सांगायचे आहे, कारण तीस वर्षांत साधने बदलली तरी घडते तेच.

टर्बो सी कुठे तरी बसवलेले असे, समजा सी ड्राइव्हमधल्या टीसी या फोल्डरात. हेडर फाइली कुठे आहेत आणि लायब्ररी कुठे आहे, हे दोन पाथ त्या खिडकीत लिहिलेले असत. कोणी तो फोल्डर उचलून डी ड्राइव्हवर नेला की फाइली सगळ्या शाबूत राहत, पण कंपायलर जुन्याच जागी बघत राही. पहिला पाथ दुरुस्त केला की हेडरची तक्रार थांबे आणि लगेच लिंकरची सुरू होई, की ‘सी झिरो एस डॉट ओबीजे’ उघडता येत नाही. विद्यार्थ्याला वाटे, गोष्ट आणखी बिघडली. प्रत्यक्षात तो एक पायरी पुढे गेलेला असे: हेडर सापडले होते, आता दुसरा पाथ बदलायचा राहिला होता.

या उदाहरणात माझे सगळे म्हणणे आलेले आहे. ‘फाइल सापडत नाही’ हे विधान फाइलविषयी नसते, ते शोधाविषयी असते. अमुक प्रोग्रामने, अमुक जागी, अमुक नावाने, अमुक क्षणी पाहिले आणि त्याला काही मिळाले नाही, एवढाच त्याचा अर्थ. फाइल जगात नाही असे यंत्र कधीच म्हणत नाही, कारण ते त्याला माहीतच नसते. म्हणून ही ओळ दिसली की चार प्रश्न विचारायचे: कोण शोधत होते, कुठे शोधत होते, कोणत्या नावाने आणि केव्हा. या चारांची उत्तरे मिळण्याआधी सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करणे म्हणजे निदान न करता औषध देणे.

यंत्र शोधते कसे, ते थोडक्यात पाहू. युनिक्सच्या परंपरेत, म्हणजे १९७० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या रचनेत, फाइलला स्वतःचे नाव नसते. तिला क्रमांक असतो. डिरेक्टरी म्हणजे नावे आणि क्रमांक यांचा तक्ता. पाथ दिला की यंत्र तो तुकड्यातुकड्याने वाचते: पहिल्या तक्त्यात पहिले नाव, तिथून मिळालेल्या तक्त्यात दुसरे नाव, असे शेवटपर्यंत. वाटेत कुठल्याही तक्त्यात नोंद मिळाली नाही, तर यंत्र २ क्रमांकाची एरर परत देते. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हे वाक्य त्या क्रमांकाचे आहे. त्यात ‘ऑर डिरेक्टरी’ असते ते याचसाठी. शेवटचे नाव सापडले नाही की मधलाच एखादा फोल्डर सापडला नाही, हे या क्रमांकावरून कळत नाही. म्हणून लांब पाथ दिसला की तो मुळापासून एकेक पायरी उतरत तपासायचा. कोणत्या पायरीला वाट तुटली, ते दोन मिनिटांत कळते.

आता ‘कुठे’ हा प्रश्न. नागपूरकरांना झिरो माईलचा स्तंभ दाखवायला नको. त्या दगडावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर अशी गावे आणि त्यांची अंतरे कोरली आहेत. ते आकडे खरे आहेत ते त्या दगडापासून मोजले म्हणून. तोच मजकूर अमरावतीच्या चौकात लावला, तर एक अक्षर न बदलता सगळा चुकीचा होईल. रिलेटिव्ह पाथचे नेमके हेच आहे. ‘डेटा फोल्डरातली यादी उघड’ असे प्रोग्रामात लिहिले की ते अंतर मोजले जाते चालू फोल्डरापासून, म्हणजे प्रोग्राम ज्या जागी उभे राहून सुरू केला त्या जागेपासून. प्रोग्रामची फाइल स्वतः कुठे आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. पायथन शिकणारी मुले इथे हमखास अडकतात. टर्मिनलमधून चालणारा प्रोग्राम एडिटरचे बटण दाबून चालवला की यादी सापडत नाही, कारण एडिटरने तो प्रोजेक्टच्या मुळाशी उभे राहून सुरू केलेला असतो. त्यात पायथनची एरर आपण दिलेले अर्धे नाव तसेच परत छापते, पूर्ण पाथ छापत नाही. उपाय एका ओळीचा आहे. फाइल उघडण्याआधी चालू फोल्डर कोणता आहे ते छापून पाहा. आणि कायमचा उपाय हवा असेल, तर पाथ प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेपासून बांधा.

काही शोध एका जागी होत नाहीत, जागांच्या यादीत होतात. कमांड दिली की शेल ‘पाथ’ या व्हेरिएबलमधले फोल्डर क्रमाने पाहते. सी कंपायलर अवतरणातले हेडर आधी त्या फाइलच्या शेजारी पाहतो, कोनी कंसातले थेट ठरलेल्या जागांत. नोड आपले मॉड्यूल जवळच्या फोल्डरात पाहते, नाही मिळाले तर एक पायरी वर, मग आणखी एक वर, थेट मुळापर्यंत. त्यामुळे निरोगी प्रोग्रामच्या आतही ‘नाही’ हे उत्तर वारंवार येत असते. शेवटच्या जागीही तेच आले, तरच ते आपल्यापर्यंत पोहोचते. ही जागांची यादी बाहेर काढता येते. जीसीसी या सी कंपायलरला सविस्तर बोलायला सांगितले की तो हेडर कुठे कुठे शोधतो ते छापून दाखवतो. लिनक्सवर ‘एसट्रेस’ आणि विंडोजवर ‘प्रोसेस मॉनिटर’ ही साधने प्रोग्रामने उघडू पाहिलेला प्रत्येक पाथ आणि मिळालेले उत्तर ओळीने दाखवतात. ज्याला ही दोन साधने वापरता येतात, तो अंदाज करणे सोडून देतो.

‘कोण’ हा प्रश्न सर्वांत फसवा आहे, कारण एररमध्ये नाव एकाचे येते आणि हरवलेले असते दुसरेच. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर नेली. फाइल समोर दिसते आहे, परवानगी आहे, तरी चालवली की उत्तर येते, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. विद्यार्थी डोळे चोळतो. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवते, लिनक्स एक. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘मला बॅशकडून चालवून घ्या’ असे लिहिलेले असते. त्या ओळीला ती जादा खूण चिकटली की लिनक्स ‘बॅश अधिक एक अदृश्य अक्षर’ या नावाचा प्रोग्राम शोधते, आणि तसा प्रोग्राम कुठेच नसतो. हरवला तो स्क्रिप्ट चालवणारा दुभाष्या, नाव मात्र स्क्रिप्टचे लागले. अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये दुसऱ्या वितरणासाठी बांधलेला प्रोग्राम टाकला की हेच होते. प्रोग्राम तिथे असतो, त्याला चालू करणारा लोडर तिथे नसतो. म्हणून समोर दिसणारी फाइल ‘नाही’ म्हटली गेली, तर तिला चालवण्यासाठी आणखी कोणती फाइल लागते, हे विचारायचे.

‘नाही’चा आणखी एक अर्थ असू शकतो: तुमच्यासाठी नाही. गिटहबवरच्या खासगी रिपॉझिटरीचा पत्ता ओळख न देता मागितला, तर परवानगी नाही असे उत्तर येत नाही; ४०४ येते, म्हणजे असे काही इथे नाहीच. असलेल्या गोष्टीचे अस्तित्वसुद्धा परक्याला कळू नये, म्हणून हे मुद्दाम केलेले आहे. अशा वेळी पत्ता दहादा तपासून काही हाती लागत नाही; लॉगिन तपासावे लागते.

आता ‘कोणत्या नावाने’. विंडोजला फाइलच्या नावातले कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सहसा एकच वाटते, लिनक्सला ती दोन नावे वाटतात. त्यामुळे प्रोजेक्ट लॅपटॉपवर चालतो आणि सर्व्हरवर चित्रे गायब होतात. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवते, त्यामुळे ‘यादी डॉट टीएक्सटी’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘यादी डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी’ असते. पाथमध्ये मोकळी जागा असली आणि तो अवतरणात घातला नाही, तर कमांडला तो दोन तुकड्यांत दिसतो आणि ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या वस्तूसाठी ती नुसत्या ‘प्रोग्राम’कडे जाते. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मला जास्त वेळ द्यायचा आहे तो आपल्या लिपीतल्या नावांना, कारण हा भाग आपणच शिकवला नाही, तर दुसरे कोणी शिकवणार नाही.

देवनागरी संगणकावर आणण्यात आपल्या भागाचा हात आहे. अकोला जिल्ह्यात जन्मलेले आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून अभियंता झालेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. भारतीय लिप्यांसाठीचे तिथले काम पुढे घराघरांत पोहोचले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे प्रमाण जाहीर केले, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. म्हणजे पाया आपला आहे. पण त्या पायावर एक अडचण उभी आहे: दिसायला एकच असलेला मराठी शब्द आत अनेक प्रकारे लिहिलेला असू शकतो, आणि लिनक्स फाइलचे नाव वाचते ते बाइट्स म्हणून. त्याला रूप दिसत नाही.

एखाद्या विद्यार्थिनीने फाइलला ‘शेतकऱ्यांची यादी’ असे नाव दिले असे समजू. त्यातला ऱ तीन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर. दोन, र आणि खाली नुक्ता. तीन, जुन्या पद्धतीने र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही नावे सारखीच दिसतात. डोळ्यांनी फरक ओळखणे शक्य नाही. पहिली दोन रूपे युनिकोडच्या नियमांनुसार समान मानली जातात आणि नॉर्मलायझेशन केले, म्हणजे सगळी नावे एकाच प्रमाण रूपात आणली, की एक होतात. तिसरे रूप त्या नियमातही बसत नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत तर नाव साठवतानाच ऱ फोडून र आणि नुक्ता असे ठेवत असे. म्हणजे मॅकवर बनवलेली फाइल लिनक्सवर नेली आणि प्रोग्रामात तेच नाव टाइप केले, तरी उत्तर ‘नाही’ येऊ शकते.

दुसरे उदाहरण आजच्या प्रत्येक प्रोजेक्टमधले: ‘ॲप’ नावाचा फोल्डर. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. त्याआधीपासून लोक अ आणि वर चंद्र असे लिहीत होते, आणि काही कीबोर्ड त्या दोहोंच्या मध्ये अदृश्य जोडचिन्हही घालतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेते. म्हणून तोच ‘ॲप’ एका कीबोर्डवर ६ बाइट्सचा, दुसऱ्यावर ९ चा, तिसऱ्यावर १२ चा होतो. या तिघांना नॉर्मलायझेशनसुद्धा एक करत नाही. एका सहकाऱ्याने फोल्डर बनवला, दुसऱ्याने स्वतःच्या कीबोर्डवरून पाथ टाइप केला, तर दोघेही बरोबर असून फाइल सापडणार नाही. इलाज आहे: नाव टाइप करू नका, फोल्डरची यादी वाचून तिथले नाव उचला, आणि संशय आला की नावाचे बाइट्स छापून पाहा.

लांबीचेही तसेच. लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे. इंग्रजीत ती २५५ अक्षरे होतात, देवनागरीत जास्तीत जास्त ८५ चिन्हे, आणि त्यात प्रत्येक मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगळा मोजला जातो. विंडोज मात्र एका नावात देवनागरीची २५५ चिन्हे बसवते. एखाद्या योजनेचे संपूर्ण नाव, जिल्हा, तालुका आणि वर्ष लिहून ठेवलेली फाइल विंडोजवर सुखाने राहते. झिप करून सर्व्हरवर उघडली की तेवढी एक फाइल उतरतच नाही, आणि पुढे कोणता तरी प्रोग्राम ती सापडत नाही म्हणून थांबतो. झिप उघडतानाचा इशारा वर निघून गेलेला असतो, आणि आपण शेवटची ओळ वाचत बसतो. म्हणून लांब लॉगमध्ये शेवटची एरर वाचू नका, पहिली वाचा.

मराठीत नावे ठेवणे सोडा, असा निष्कर्ष मी यातून मुळीच काढत नाही. साधनांनी आपली लिपी नीट हाताळली पाहिजे, आणि ते करून घेणारे अभियंते इथेच, परसोडीच्या आयटी पार्कात, मिहानमध्ये, हिंगण्याच्या आणि वारंग्याच्या कॉलेजांत आहेत. आपल्या सॉफ्टवेअरची चाचणी घेताना ‘शेतकऱ्यांची यादी’ तिन्ही रूपांत ठेवून पाहा. ‘ॲप’ तिन्ही प्रकारे लिहून पाहा. ही चाचणी दुसरीकडचा माणूस लिहिणार नाही. त्याला तिची गरजच माहीत नाही.

उरला ‘केव्हा’. काही फाइली पूर्वी असतात आणि नंतर नसतात. जुन्या पाठ्यपुस्तकातला सी प्लस प्लसचा प्रोग्राम ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ मागतो. १९९८ च्या प्रमाणीकरणात त्या हेडरची जागा एच नसलेल्या ‘आयओस्ट्रीम’ने घेतली. म्हणून आजचा जीसीसी म्हणतो, अशी फाइल नाही. ‘कोनिओ डॉट एच’ तर टर्बोसारख्या डॉसवरच्या कंपायलरांच्या घरचे होते, लिनक्सवर ते आलेच नाही. नव्याने बांधलेला प्रोग्राम अँटिव्हायरस संशयाने उचलून बाजूला ठेवतो, आणि बिल्ड यशस्वी होऊनही एक्सई सापडत नाही. गिटच्या दुर्लक्ष-यादीत नाव असलेली फाइल लॅपटॉपवर असते, मित्राकडे पोहोचतच नाही. ‘माझ्याकडे तर चालते’ या वाक्यामागे बहुधा अशीच एखादी फाइल असते.

आणि काही फाइली दुसऱ्याच्या अंगणात असतात. २२ मार्च २०१६ रोजी जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारातून एका लेखकाने, नावावरून झालेल्या वादानंतर, आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यात ‘लेफ्टपॅड’ नावाचे ११ ओळींचे पॅकेज होते. अक्षरांच्या डावीकडे भर घालून लांबी सारखी करणे एवढेच त्याचे काम. त्यावर बाबेलसारखी मोठी साधने अप्रत्यक्षपणे उभी होती. जगभरातले बिल्ड थांबले आणि काही तासांत ते पॅकेज परत ठेवावे लागले. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले. ज्यांचे बिल्ड थांबले, त्यातल्या अनेकांनी त्या पॅकेजचे नावही ऐकले नव्हते. आपण कशावर उभे आहोत याची यादी आवृत्त्यांसह गोठवून प्रोजेक्टमध्ये ठेवणे आणि महत्त्वाच्या गोष्टींची प्रत स्वतःजवळ ठेवणे, हा त्या दिवसाचा धडा आहे.

मित्रहो, एवढा वेळ एका एररवर घालवण्याचे कारण सांगतो. गडचिरोलीहून किंवा बुलढाण्याहून आलेली मुलगी पहिल्यांदा प्रोग्राम लिहिते, तेव्हा तिच्या समोर इंग्रजीतली लाल ओळ येते. तिचे तर्कशास्त्र बरोबर असते, सिंटॅक्स बरोबर असतो. पाथ चुकलेला असतो, तोही बहुधा तिने न लिहिलेला. पण तिथे समजावणारे कोणी नसले, तर ती म्हणते, ‘मला हे जमत नाही.’ शोधाविषयीचे विधान ती स्वतःविषयीचे विधान म्हणून वाचते. या गैरसमजाची किंमत फार मोठी आहे, आणि तो दूर करायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास देणे हे शिक्षकाचे काम आहे.

म्हणून तीन विनंत्या. साधने बनवणाऱ्यांना: तुमचा प्रोग्राम ‘नाही’ म्हणेल तेव्हा तो कुठे कुठे शोधून आला ते पूर्ण पाथसह सांगू द्या. ती माहिती त्या क्षणी प्रोग्रामजवळ असते. ती न छापणे म्हणजे शिकणाऱ्याचा दिवस वाया घालवणे. विद्यार्थ्यांना: सीनियरने दोन ओळी बदलून दिल्या, तर त्याला थांबवा आणि त्या दोनच ओळी का, ते विचारा.

तिसरी विनंती शिक्षकांना. पहिल्या सत्रातले पहिले प्रॅक्टिकल मोडलेल्या प्रोजेक्टचे ठेवा. एक हेडर हलवून ठेवा, एका चित्राच्या नावातले अक्षर कॅपिटल करा, एका स्क्रिप्टच्या ओळी विंडोजच्या पद्धतीने संपवा, एका यादीच्या नावातला ऱ वेगळ्या प्रकारे लिहा. मुलांना जर्नलमध्ये दुरुस्ती लिहायला सांगू नका. कोण शोधत होते, कुठे, कोणत्या नावाने आणि केव्हा, ही चार उत्तरे लिहायला सांगा, आणि व्हायवाला तेवढेच विचारा. याला नवे यंत्र लागत नाही, अभ्यासक्रमाची मंजुरी लागत नाही. येत्या सत्रात नागपुरातल्या एका जरी कॉलेजने हे सुरू केले, तरी आजच्या व्याख्यानाचे काम झाले असे मी मानेन.